वळणातले नऊ गुंठे

गणितात माणसं नसतात म्हणून मला गणित आवडतं, असं मी कॉलेजात असताना मोठ्या ऐटीत सांगायचे. आता कुणी विचारलं तर सांगत नाही. मला जन्मभर पाठ राहिलेलं गणित एकच आहे, आणि त्यात आमच्या घरातली सगळी माणसं आहेत.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, पण बारामतीच्या अंगाला. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. अकरावी-बारावी सायन्सला करायची तर बारामतीला जायला हवं, आणि मुलीनं रोज एवढ्या लांब एसटीनं जायचं हे घरात कुणाच्या गळी उतरत नव्हतं. शेवटी उतरलं ते माझ्या दहावीच्या मार्कांमुळे नाही. माझा चुलतभाऊही सायन्सला निघाला होता, त्याची सोबत झाली म्हणून. तो माझ्यापेक्षा काही महिन्यांनी लहान, आणि शाळेत असताना कुत्रं दिसलं की माझ्या मागं लपणारा. पण सोबत त्याची मला, असंच सगळे म्हणायचे, आणि मला जायला मिळतंय म्हटल्यावर मीही मान डोलवायचे.

सकाळची इंदापूर-बारामती गाडी आम्ही धरायचो. काटेवाडीला ती खच्चून भरायची, पण आम्हाला त्याआधीच बसायला जागा मिळालेली असायची. मी वही मांडीवर उघडून त्याला आदल्या दिवसाचं गणित समजावून सांगायचे. कन्हेरी मागं पडली की तो खिशातला कंगवा काढून भांग पाडायला लागायचा, म्हणजे शिकवणी संपली असं समजायचं.

बारावीच्या दिवाळीनंतर गणिताच्या सरांनी डेफिनिट इंटिग्रल सुरू केलं. त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर एक कमान काढली. कमान शून्यापाशी रेघेवरून उठली, मध्यावर नऊपर्यंत चढली आणि सहापाशी परत रेघेवर आली. तिचं समीकरण सहा एक्स वजा एक्स वर्ग. सर म्हणाले, कडा सरळ असल्या तर लांबी-रुंदी गुणून मोकळं व्हा, पण कड वाकडी असली तर कमानीखालची जागा कशी काढाल? उभ्या पट्ट्या पाडा. प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ काढा आणि बेरीज करा. पट्ट्या जाड असल्या तर थोडी चूक राहील, म्हणून त्या बारीक करा, आणखी बारीक करा, इतक्या बारीक की चूक उरणारच नाही. मग त्यांनी हेच काम दोन ओळींत करायची रीत सांगितली. घात एकानं वाढवायचा आणि वाढलेल्या घातानं भागायचं. सहा एक्सचे झाले तीन एक्स वर्ग, एक्स वर्गाचा झाला एक्स घन भागिले तीन. त्यात सहा घालायचे, मग शून्य घालायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. एकशे आठ वजा बहात्तर. उत्तर छत्तीस.

बाकीचा वर्ग उतरवून घेत होता. मी मात्र त्या कमानीकडे बघत बसले होते, कारण फळ्यावर आमचं वळणातलं रान काढलेलं होतं.

हे रान नीट सांगायला हवं. आमच्या शिवारात ओढा सरळ येतो, आमच्या रानापाशी लांब बाहेर वळसा घेतो आणि परत आपल्या वाटेला लागतो. त्या वळशाच्या पोटात एक तुकडा सापडला आहे. तीन बाजूंनी ओढा आणि चौथ्या बाजूला सरळ बांध. बांधाच्या अलीकडे माळाचं रान, चांगलं चौकोनी, रस्त्याला लागून. कॅनॉलची चारीही तिथंच. माळाला रस्ता होता, पाणी होतं, पण जमीन मुरमाड. वळणाला रस्ता नव्हता, पावसाळ्यात ओढा आत शिरायचा, पण तोच ओढा दरवर्षी काळा गाळ टाकून जायचा.

वळण हे माझ्या आईचं रान. कागदावर नव्हे, कागदावर ते आजोबांच्या नावानं होतं. पण आई लग्न होऊन आली तेव्हा तिथं सगळ्या बाभळी होत्या. त्या तिनं काढल्या, आणि वांगी, गवार, मेथी असं लावत ते रान तिनं उभं केलं. माळवं ती स्वतः आठवडी बाजारात नेऊन बसायची. आमच्या घरात बाईच्या मुठीत स्वतःचा पैसा यायचा तो एवढ्या एका रानातून. माझी कॉलेजची पहिली वह्या-पुस्तकं त्याच मुठीतून आली.

आजोबा गेल्यावर वडिलांच्या आणि चुलत्यांच्या बाकीच्या वाटण्या झाल्या होत्या. वडील थोरले, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. चुलते धाकटे, ते नाना. वळण आणि माळ अशी दोन रानं तेवढी राहिली होती, आणि संक्रांतीनंतर ती वाटायचं ठरलं होतं. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं दोन वाटे पाडायचे आणि धाकट्यानं त्यातला हवा तो उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. रीत चांगली आहे, मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

वाटे पाडायचे तर रान मोजायला हवं. गावातली मोजणी म्हणजे आबा. ते आजोबांचे चुलतभाऊ, आणि त्यांनी मोजलं की पुढं कुणी बोलायचं नाही. त्यांची दोरी तेहतीस फुटांची. एक दोरी लांब आणि एक दोरी रुंद म्हणजे एक गुंठा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निमुळतं रान असलं तर आबा पोटाची रुंदी घ्यायचे, टोकाची घ्यायचे, दोन्ही मिळवून निम्मी करायचे आणि लांबीनं गुणायचे. सरळ कडांच्या रानाला हे चोख लागू पडतं, आणि आमच्याकडची बहुतेक रानं तशीच आहेत. वळणालाही त्यांनी तेच लावलं. पोट नऊ दोऱ्या, टोकाला काहीच नाही, निम्मे साडेचार. बांध सहा दोऱ्या. सत्तावीस गुंठे. माळाचं रानही त्याच बांधावर सहा दोऱ्या लांब आणि साडेचार रुंद. तेही सत्तावीस.

"द्येवानंच वाटून दिलंय की," आबा म्हणाले. "बांध हाय तितंच ठिवा." तात्या खूश झाले. नाना पहिल्यापासून रस्त्याकडच्या जागेवर डोळा ठेवून होते, तिथं त्यांना दुधाचा गोठा घालायचा होता. म्हणजे नाना माळ उचलणार आणि वळण आपल्याकडे राहणार, असं तात्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

आणि फळ्यावर तर छत्तीस आले होते. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी चुलतभावाला हे सांगितलं. त्याला पटेना. म्हणून येत्या रविवारी आम्ही दोरी घेऊन वळणात गेलो. मी बांधावर उभी राहायचे आणि तो दुसरं टोक घेऊन ओढ्याच्या कडेला जायचा. बांधावर एकेक दोरी पुढं सरकत आम्ही मापं घेतली. पाच, आठ, नऊ, आठ, पाच. हातभर इकडंतिकडं असेल, पण आकडे तेच. सरांची कमान ओढ्यानं आमच्या रानात आधीच काढून ठेवली होती. मला इतका आनंद झाला की मी बांधावर उड्या मारल्या.

गणित आम्ही ओल्या गाळात काटकीनं मांडलं. आधी त्याला करायला दिलं. त्यानं एक्सचा घन केला पण तीननं भागायचं विसरला, आणि उत्तर आलं उणे एकशे आठ.

"आता काय, वड्यालाच रान द्यायचं व्हय आपून?" मी म्हटलं, आणि दोघंही पोट धरधरून हसलो. मग मी त्याच्या हातातली काटकी घेतली, तीननं भागलं, आणि खाली छत्तीस लिहिले.

"म्हंजी नऊ गुंठं जास्ती?" तो हसायचा थांबला.

"व्हय. ज्याच्याकडं वळण जाईल त्याला नऊ जास्ती. सांगाय पायजे, न्हायतर वाटणी खोटी हुईल."

"सांगू की," तो म्हणाला.

घरी आल्यावर बांध किती हलवला म्हणजे दोन्ही रानं सारखी होतील हे मी एकटीनं काढलं. जास्तीचे नऊ, त्यातले निम्मे माळाकडं जायला हवेत. बांध वळणाच्या बाजूला पाऊण दोरी सरकवला की काम होत होतं. एवढंच. पाऊण दोरी.

संध्याकाळी तात्या गोठ्यात धार काढत होते. इंटिग्रेशन वगैरे मी बोललेच नाही, तेवढी अक्कल मला होती. मी नुसत्या पट्ट्या सांगितल्या. म्हटलं, "तात्या, बांधावर दोरी-दोरीवर वड्यापातूर मापलं, तर पाच, आठ, नऊ, आठ, पाच भरतंय. नुसती बेरीज केली तरी पस्तीस हुत्यात. सत्तावीस कसं आलं?"

ते धार काढतच राहिले.

"बांध पाऊण दोरी वळणात सरकवा. मग कुनी कुठलंबी उचलू द्या, सारखंच हुतंय."

"आबा मोजाय लागलं तवा तुझा बा बी जलमला नव्हता," ते म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. "कालिजात जाती म्हून आबाला शिकवती व्हय? भावाभावात इस्तू टाकशील. पोरीनं वाटणीत तोंड घालायचं न्हाय."

"पन तात्या, पस्तीस..."

"नानाला रस्त्याकडचंच पायजे. तुझा हिशेब चुलीत घाल आन घरात जा."

आई वासराचं दावं हातात धरून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती काही बोलली नाही, आणि आमच्याकडच्या बाया अशा वेळी बोलत नाहीत हे मलाही माहीत होतं. तरी मला तिचासुद्धा राग आला.

भिंतीपलीकडं नानांचं घर. त्याच संध्याकाळी तिथं काय चाललं असेल ते मी नंतर कितीदा तरी मनात रंगवलं. चुलतभावानं हेच आकडे सांगितले असतील. नानांनी दिवा जवळ ओढला असेल, त्याला परत मांडून दाखवायला सांगितलं असेल. नाना चौथी नापास. त्यांना त्यातलं काही कळलं नसेल. पण पोरगं बारामतीला शिकतंय, ते सांगतंय म्हणजे खरं असणार, एवढ्यावर त्यांचं भागलं असेल. मी पण त्याच बारामतीला, त्याच वर्गात शिकत होते.

वाटणीच्या दिवशी सकाळी लिंबाच्या झाडाखाली घोंगडं अंथरलं होतं. तात्यांनी दोन्ही रानांतलं एकेक ढेकूळ आणलं आणि पंच्यावर ठेवलं. एक काळं, एक तांबूस. वर हळद-कुंकू वाहिलं. धाकट्यानं ढेकूळ उचललं की ते रान त्याचं, आणि उचललेलं ढेकूळ परत खाली ठेवायचं नाही. आम्ही बायका भिंतीच्या कडेला बसलो होतो. तात्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. नाना माळ उचलतील याची त्यांना इतकी खात्री होती की ते नानांकडे बघतसुद्धा नव्हते.

नाना वाकले आणि त्यांनी काळं ढेकूळ उचललं.

आबांनी विचारलं, "आरं, रस्ता पायजे हुता न्हवं तुला?"

"पोरगं म्हनतंय, वळान छत्तीस गुंठं भरतंय," नाना म्हणाले. ढेकूळ त्यांनी छातीशी धरलं होतं. "दोरीनं मोजलंय त्यानं. कालिजातला हिशेब हाय."

सगळ्यांच्या माना चुलतभावाकडं वळल्या. आबांनी त्याला जवळ बोलावलं. आता आबा भडकणार, आपल्या मोजणीत खोट काढली म्हणून त्याला उभा सोलणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं व्हावं असंच वाटलं. आबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. तो चाचरत म्हणाला, "पट्ट्या पाडायच्या, आबा. त्येला इंटिग्रेशन म्हनत्यात." त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मग चपलांकडं बघत राहिला. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"आमचं आयुष्य गेलं दोरी वढण्यात," ते कौतुकानं म्हणाले, "पन पोरगं आमच्या म्होरं गेलं."

आणि तात्या, माझे तात्या, ज्यांचं रान त्या क्षणी हातातून गेलं होतं, तेही मान हलवून म्हणाले, "शाणं निघालं पोरगं. घराण्याचं नाव काढील."

मी उठून उभी राहिले. "त्ये गणित माझं हाय," मी मोठ्यानं म्हटलं. "मी तुमाला गोठ्यात..."

"गप बस," तात्या म्हणाले. दोघं-तिघं हसले. आईनं माझी ओढणी धरून मला खाली ओढलं. ओढणी तिनं नंतरही मुठीत घट्ट धरून ठेवली होती, आणि ती माझ्यासाठी धरली होती की वांग्यांसाठी, हे मला अजून सांगता येणार नाही.

उभं पीक काढून न्यायची मुभा असते. आईनं शेवटची वांगी काढली, मेथी काढली, आणि त्यानंतर ती बांधापलीकडं गेली नाही. माळावर तिनं एक-दोन हंगाम वांगी लावून पाहिली. झाडं गुडघ्याला लागली नाहीत. मग तात्यांनी चारीचं पाणी आहे म्हणून तिथं ऊस केला. उसाला बाई लागते ती खुरपायला. बाजारात बसायला आणि पैसे मोजून घ्यायला लागत नाही. आईची बाजारची पाटी बरेच दिवस भिंतीला टेकून उभी होती, पुढं तिच्यात शेणी ठेवायला लागले.

चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी एसटीत माझ्या शेजारीच बसला. आम्ही त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. काही दिवसांनी त्यानं वही पुढं सरकवली, पुढचा धडा त्याला जमत नव्हता. मी शिकवला. मन मोठं होतं म्हणून नाही. तो नापास झाला असता किंवा कॉलेज सोडून बसला असता, तर माझी सोबत गेली असती, आणि सोबतीशिवाय मला कुणी एसटीत चढू दिलं नसतं. म्हणून माझं बारावीचं वर्ष वाचवायला मी त्याचं गणित पास करत राहिले. दात-ओठ खात केलं, पण केलं. नानांकडं कुणी पाहुणा आला की वळण दाखवायला नेत आणि म्हणत, हे आमच्या पोराच्या गणिताचं रान. भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू यायचं.

पुढं मी बी.एस्सी., बी.एड. केलं आणि दशक संपता संपता इंदापुरात ज्युनिअर कॉलेजला शिकवायला लागले. दरवर्षी तो धडा यायचा. सहा एक्स वजा एक्स वर्ग हे उदाहरण मी कधीच घेतलं नाही. चार एक्स घेतलं, आठ एक्स घेतलं, सहा टाळलं.

त्याच सुमाराला नानांनी आपलं रान वेगळं करून घ्यायला सरकारी मोजणी आणली. मोजणीदार आला, त्यानं टेबल लावलं, झेंड्या रोवल्या. वळण छत्तीसला काही हात कमी भरलं. बातमी गावभर झाली. त्या आठवड्यात मी घरी गेले होते. तात्या ओसरीवर बसले होते, थकले होते, आणि तेच घोळवत होते.

"नऊ गुंठं गेलं," ते म्हणाले. "उगंच गेलं. बांध पाऊण दोरी वळणात सरकवला आसता की भागत हुतं."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. छत्तीस गावाला माहीत होते. नऊही सगळ्यांना माहीत होते. पण पाऊण दोरी मी एकदाच बोलले होते, गोठ्यात, त्यांच्यापाशी. चुलतभावालासुद्धा ते माहीत नव्हतं.

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं, आणि इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

"पाऊण दोरी तुमाला कुनी सांगितलं, तात्या?" मी विचारलं. एकदा, फक्त एकदा त्यांनी ‘तू’ म्हणावं असं मला वाटत होतं. नऊ गुंठे मला कधीच नको होते.

त्यांनी डोळे बारीक करून आठवून पाहिलं. अगदी मनापासून आठवून पाहिलं.

"नानाच्या पोरानंच सांगितलं आसंल की," ते म्हणाले. "दुसरं कोन सांगनार?"

आई उंबऱ्याशी बसून बाजारातून विकत आणलेली मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग तात्यांकडं पाहिलं, आणि पुढच्या जुडीचा दोरा सोडून परत निवडायला लागली.